रोवणीनंतरचा सोमवार

गोंदिया जिल्ह्यात व्यायाम मोडायला ऋतूच पुरेसे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. पऱ्हे काढायचे, बांधीत चिखल करायचा, मजूर मिळवायचे. तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत धान पिकवणाऱ्या घरात त्या दिवसांत कुणाला सवड नसते. मग गणपती आणि दुर्गोत्सव. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी, मळणी आणि खरेदी केंद्रावरची रांग. त्यानंतर लग्नसराई. मार्च-एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा आणि मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि पंचेचाळीस अंशांकडे सरकणारा पारा. शेती नसलेल्यांचीही सुटका नाही. कुणाची राइस मिल हंगामात दिवसरात्र चालते, कुणाची रेल्वेची ड्यूटी, कुणाची तिरोड्याच्या वीज प्रकल्पातली बदलती पाळी.

यातलं एकही कारण खोटं नाही. ज्याच्या बांधीत पाणी साचलं आहे आणि मजूर फक्त उद्याच मिळणार आहेत, त्याला इच्छाशक्तीचे धडे देऊन काही होणार नाही. पर्सनल ट्रेनर, म्हणजे एकेका माणसाकडे वैयक्तिक लक्ष देणारा व्यायाम प्रशिक्षक, खरा उपयोगी पडतो तो इथे. बैठका मोजणं, बारबेलला हात देणं ही त्याच्या कामाची दिसणारी बाजू. माणूस दर आठवड्याला यावा आणि सुटला तर परत यावा याची व्यवस्था लावणं, ही न दिसणारी बाजू. व्यायाम टिकतो तो या दुसऱ्या बाजूमुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं झपाझप चालणं, एवढीच ही किमान अपेक्षा. तरीही ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ ती गाठत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के आहे. आणि जे उत्साहाने सुरुवात करतात, त्यांतले सुमारे निम्मे पहिल्या सहा महिन्यांत सोडतात, असं व्यायामाच्या कार्यक्रमांवरचे अभ्यास अनेक दशकं सांगत आले आहेत. सुरू करणारे पुष्कळ असतात. टिकणारे कमी पडतात.

वस्तादाची नजर

महाराष्ट्राला वैयक्तिक प्रशिक्षक नवा नाही. तालमीतला वस्ताद हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवं जीवन दिलं आणि त्यांच्या शिष्यांनी ती विद्या गावोगाव नेली. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळांच्या दिनक्रमात आणले. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. आणि विदर्भात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारलं. त्या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुढे विदर्भातल्या अनेक शाळांचे क्रीडाशिक्षक तिथेच घडले.

या परंपरेत एक गोष्ट गृहीत होती: आज कोण आलं नाही, हे वस्तादाच्या लगेच ध्यानात यायचं. दोन दिवस पोरगा दिसला नाही तर निरोप घरी जायचा. महिन्याची फी भरून घेणाऱ्या आजच्या मोठ्या जिममध्ये शंभर सभासदांतला एक गळाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. पर्सनल ट्रेनरने ही हरवलेली नजर परत आणली.

मात्र तालमीचं जग मुख्यतः तरुण पुरुषांचं होतं. आज गोंदिया, आमगाव, देवरीत व्यायामाला येणाऱ्यांत मधुमेहाची सुरुवात झालेले दुकानदार असतात, बाळंतपणानंतर पाठ धरलेल्या बायका असतात, निवृत्तीला आलेले शिक्षक असतात. त्यांना आखाड्याची शिस्त जशीच्या तशी लावून चालत नाही. शिस्तीच्या जोडीला माणसाच्या मनाची समजही लागते, आणि तिच्यावर गेल्या शतकभरात बराच अभ्यास झाला आहे.

सोबतीने काय बदलतं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यांपेक्षा दुसऱ्यासोबत धावणारे अधिक वेगवान होते. १९२६ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो क्योलर यांनी बर्लिनच्या नौकानयनपटूंवर प्रयोग केला. जोडीचं यश आपल्यावर अवलंबून आहे हे कळलं की जोडीतला कमजोर माणूस एकट्याने असताना करायचा त्यापेक्षा जास्त जोर लावतो, असं त्यांना दिसलं.

प्रशिक्षकाचा परिणाम थेट तपासणारा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. वीसेक तरुणांना बारा आठवड्यांचा वजनाच्या व्यायामाचा अगदी एकसारखा कार्यक्रम दिला गेला. फरक एकच होता: एका गटाजवळ प्रशिक्षक उभा असायचा, दुसरा गट स्वतःच्या भरवशावर होता. शेवटी प्रशिक्षक असलेल्या गटाची ताकद अधिक वाढली. कारण नोंदींतच होतं. या गटाने वजन अधिक वेगाने वाढवत नेलं होतं. एकटा माणूस कालचंच वजन आजही उचलतो. ते सवयीचं झालेलं असतं आणि वाढवायची भीती असते. शेजारी जाणता माणूस असला की ती भीती कमी होते.

टिकून राहण्याशी याचा सरळ संबंध आहे. दोन महिने घाम गाळून फरक दिसला नाही तर कोणीही सोडेल. आरशात फरक दिसायला वेळ लागतो, वहीत मात्र तो दोन आठवड्यांत दिसतो. म्हणून चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून वही ठेवतो: किती वजन, किती वेळा, चालताना किती दम लागला. वजनकाटा रुसून बसला तरी पहिल्या तारखेला आठ बैठकांत दमणारा माणूस महिनाअखेर पंधरा काढतो, हे त्याला त्याच्याच आकड्यांतून दाखवता येतं.

पहिले सहा आठवडे

कॅनडात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली मांडलं की एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास माणसाला टिकवून धरतो, आणि तो विश्वास मुख्यतः छोटं यश स्वतः अनुभवल्याने येतो. भाषणांनी तो फारसा येत नाही. नवशिके ट्रेनर नेमके इथे चुकतात. पहिल्याच दिवशी दम काढून दाखवला की सभासदाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं, जिना उतरणंही कठीण होतं, आणि तिसऱ्या दिवशी तो सभासद घरीच राहतो. श्रम एका पातळीच्या पुढे गेले की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो, आणि व्यायाम करतानाचा तो नकोसेपणा पुढच्या महिन्यांत घरी बसण्याचं कारण ठरतो.

समजा, गोंदियातल्या एका धान व्यापाऱ्याने पन्नाशीत जिमचं दार उघडलं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आहे. जाणता प्रशिक्षक पहिले दोन आठवडे त्यांना वीस-पंचवीस मिनिटंच थांबवेल: थोडं चालणं, खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, हलक्या डंबेलने खांदे आणि पाठ. चालताना बोलता यायला हवं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढीच श्रमाची खूण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेळ वाढेल, पाचव्या-सहाव्यात वजन. रोज थोडी हाव शिल्लक ठेवूनच ते घरी जातील. दुसऱ्या दिवशी यावंसं वाटणं, हीच पहिल्या महिन्याची खरी कमाई.

पद्धतीइतकाच बोलण्याचाही परिणाम होतो. “तुम्हाला हे का हवंय?” हा प्रश्न विचारून प्रशिक्षकाने ऐकत राहायला हवं. एकजण वजन सांगतो, पण पाच मिनिटांनी कळतं की त्याला प्रतापगडची यात्रा चढून करायची आहे. एखादी काकू म्हणते, “नातवाला कडेवर घेता आलं पाहिजे.” हे कारण तिचं स्वतःचं आहे. प्रशिक्षकाने लादलेल्या ‘दहा किलो कमी’पेक्षा ते जास्त दिवस पुरतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी टिकाऊ प्रेरणेच्या तीन गरजा सांगितल्या: निर्णय आपला असणं, काम जमतंय असं वाटणं आणि आपुलकीची माणसं भोवती असणं. ट्रेनरच्या हाती तिन्ही असतात.

कधी, कुठे, कशानंतर

‘उद्यापासून करेन’ आणि ‘मंगळवारी सकाळी साडेसहाला, मुलाला शिकवणीला सोडल्यावर थेट जिमला’ या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात तीन गट केले होते. पहिल्याला काहीच सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात ठरलेला व्यायाम केला. दुसऱ्याला हृदयरोग आणि व्यायाम यांची माहिती वाचायला दिली. त्यात प्रमाण ३५ टक्केच राहिलं. तिसऱ्या गटाने माहिती वाचून शिवाय दिवस, वेळ आणि जागा लिहून दिली. त्यातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. नुसती माहिती पुरली नाही. ठरलेल्या वेळेने काम केलं.

म्हणून पहिल्या भेटीत दिनक्रम विचारणं हे शास्त्रीय काम आहे. तिरोड्यात पाळीने काम करणाऱ्याला ‘रोज सकाळी सहा’ सांगणं म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला त्याला अपयशी ठरवणं. त्याच्यासाठी वेळ घड्याळाला न बांधता पाळीला बांधावी: पहिली पाळी असेल तर संध्याकाळी, रात्रपाळी असेल तर झोप झाल्यावर. गृहिणीला बहुधा स्वयंपाक आणि शाळेच्या धांदलीनंतरचा तासच सोयीचा असतो. तेव्हा बायकांची वेगळी बॅच आणि शक्य तिथे स्त्री प्रशिक्षक असली तर लाज आणि घरच्यांची कुरकुर, दोन्ही अडथळे दूर होतात.

सवय जडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचा दाखला सर्रास दिला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. महिन्याच्या पॅकेजवर आलेल्या माणसाला प्रशिक्षकाने हे आधीच सांगावं. त्याच अभ्यासात धीर देणारी आणखी एक गोष्ट होती: एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात लक्षणीय अडथळा आला नाही.

परतीची तयारी

टिकून राहणारा म्हणजे कधीच न चुकणारा, अशी आपली समजूत असते. ती खरी असती तर धानपट्ट्यात कुणीच टिकलं नसतं. टिकणारा माणूस चुकल्यावर लवकर परत येतो.

२०२१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१,२९३ सभासदांवर ५४ वेगवेगळे, चार-चार आठवड्यांचे उपाय आजमावले गेले. सर्वांत परिणामकारक ठरला तो अगदी साधा उपाय: ठरलेला दिवस चुकवल्यावर पुन्हा जिमला येणाऱ्याला काही पैशांचं छोटं बक्षीस. त्याने जिमच्या फेऱ्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्या. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. बहुतेक उपायांचा परिणाम चार आठवडे संपताच ओसरला. म्हणजे एकदा ढकललं की गाडी चालत राहत नाही. माणसाला पुनःपुन्हा हात द्यावा लागतो. बक्षीस संपतं, प्रशिक्षक मात्र पुढच्या रोवणीलाही तिथेच असतो.

गोंदियातल्या प्रशिक्षकासाठी यातून थेट कार्यपद्धती निघते. जूनच्या शेवटी शेतकरी घरातल्या प्रत्येक सभासदाशी बोलावं. रोवणी कधीपासून, किती दिवस? तेवढ्या काळाची सुट्टी आधीच मान्य करावी, म्हणजे ती पळून जाणं ठरत नाही. दिवसभर वाकून रोप लावणाऱ्याला त्या दिवसांत वेगळे श्रम नकोत. संध्याकाळी दहा मिनिटं पाठ आणि कंबर मोकळी करणाऱ्या हालचाली पुरे. ज्यांची फक्त धावपळ वाढते, शरीरश्रम वाढत नाहीत, त्यांच्यासाठी आठवड्यातून एक छोटा वजनाचा व्यायाम ठेवावा. कमावलेली ताकद सांभाळायला ती कमावताना लागलेल्या कष्टांचा थोडासा भाग पुरतो.

आणि परतीचा दिवस आधीच ठरलेला असावा. आदल्या संध्याकाळी फोन: “काकू, रोवणी आटोपली ना? मग सोमवारी या. पहिल्या दिवशी वीसच मिनिटं, वजनं नेहमीच्या निम्मी.” या वाक्यात रागावणं नाही, ‘इतके दिवस कुठे होता’ नाही. दोन-तीन आठवड्यांच्या खंडात ताकद फारशी घटत नाही, दम मात्र लवकर कमी होतो. त्यामुळे चालण्यापासून सुरुवात करून आठवडा-दोन आठवड्यांत जुन्या वजनावर येता येतं. हे कळलं की ‘सगळं पाण्यात गेलं’ ही भावना जाते. बरेचजण खंडामुळे सोडत नाहीत, खंडानंतर तोंड दाखवण्याच्या संकोचाने सोडतात. तो संकोच प्रशिक्षकानेच दूर करायचा असतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे रस्त्यावर धावताना पाहिली की वाटतं, यांना सातत्य कुणी शिकवायला नको. मैदानी चाचणीचे ५० गुण त्यांच्यासमोर असतात: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. तारीख असलेलं ध्येय जबरदस्त ओढतं. पण निकाल लागला की, निवड होवो वा न होवो, त्यातले कित्येक धावणं बंद करतात. म्हणून त्यांना शिकवणाऱ्याने चाचणीच्या आधीच पुढचं कारण पेरावं: कबड्डीचा संघ, धाकट्या भावंडांना शिकवणं, आठवड्यातून तीन दिवसांची मित्रांची फेरी.

आधी चौकशी, मग व्यायाम

दुखापत किंवा आजारपण हे व्यायाम कायमचा सुटण्याचं मोठं कारण. पूर्व विदर्भात प्रशिक्षकाने रक्तदाब, साखर, छातीत दुखणं यांच्यासोबत एक प्रश्न हमखास विचारायला हवा: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? हा रक्ताचा आनुवंशिक आजार या पट्ट्यात बराच आढळतो. रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचा व्यायाम करू नये. फक्त वाहक असलेल्या माणसाला व्यायाम बंद नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर जास्त आढळला नाही, पण अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त दिसला. त्यामुळे भरपूर पाणी, हळूहळू वाढणारे श्रम, मधे विश्रांती आणि उन्हात एकदम जोराची धाव टाळणं हे नियम पाळावेत. भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनी तर सरकारी रुग्णालयात ही तपासणी आधी करून घ्यावी. मे महिन्याच्या उकाड्यात सगळ्यांनीच पहाटेची वेळ गाठावी. नव्या उष्णतेला सरावायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात.

अशा धीम्या, देखरेखीखालच्या सातत्याचं फळ किती मोठं असतं? अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासाने २००२ साली दाखवलं की आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, आहारातला बदल आणि सोबत एक वैयक्तिक मार्गदर्शक, एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये भारतीयांवर केलेल्या अभ्यासातही जीवनशैलीच्या बदलाने ते २८.५ टक्क्यांनी कमी झालं.

कुणाकडे जावं

प्रशिक्षक निवडताना त्याच्या दंडाचा घेर पाहू नका. शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा मान्यताप्राप्त फिटनेस ट्रेनर प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. तो पहिल्या भेटीत तुमचे आजार, औषधं आणि दिनक्रम विचारतो का? वही ठेवतो का? पावडरचे डबे खपवायची घाई करतो का? इंजेक्शनं सुचवत असेल तर त्याच क्षणी उठा. सर्वांत मोठी कसोटी मात्र वर्षभराने लागते. चांगल्या प्रशिक्षकाचा सभासद हळूहळू स्वतः वजन ठरवू लागतो, स्वतःची वही लिहू लागतो, आणि महिन्यातून एकदा भेटूनही त्याचं भागतं.

सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या खेड्यात पर्सनल ट्रेनर नसेल, फी परवडणारी नसेल. तरी त्याचं काम गावातलं कुणीही वाटून घेऊ शकतं. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने आठवड्यातून एक संध्याकाळ मोठ्यांना द्यावी. बचत गटातल्या चारजणींनी चालायची वेळ लिहून भिंतीवर लावावी आणि न आलेल्या मैत्रिणीचं दार दुसऱ्याच दिवशी ठोठावावं. तुमचा व्यायाम या हंगामात सुटला असेल तर पश्चात्तापात आणखी दिवस घालवू नका. परतीचा वार आणि वेळ आजच लिहा, ती एका माणसाला सांगा, आणि त्या दिवशी निम्माच व्यायाम करा.